मृगापूर्वीचा ओला किनारा

देशावरचा उन्हाळा आणि कोकणचा उन्हाळा ह्यांस एकच नाव असले, तरी त्यांची प्रकृती अगदी निराळी आहे. घाटावर वैशाखात जमीन भेगाळते, गवताची काडी हातात चुरते आणि दोरीवर टाकलेला ओला पंचा पाहता पाहता वाळतो. त्याच वेळी घाटाखाली, समुद्राच्या काठी, मिठाला पाणी सुटते, डब्यातील पापड सादळतात आणि अंगातील सदरा दिवसभर ओलसर राहतो. मे महिना उतरणीस लागला म्हणजे नैर्ऋत्येचा वारा जड होतो, सकाळी क्षितिजावर ढगांची राखी किनार दिसू लागते आणि एखाद्या सायंकाळी वळवाची सर वाळूवर ठिपके उठवून निघून जाते. हवापालटासाठी शहरातून आलेली कुटुंबे ह्या सुमारास आवराआवर करितात. शाळा उघडावयाच्या असतात, आंबा संपत आलेला असतो, आणि ह्या चिकट, ढगाळ किनाऱ्यावर आता पाहण्यासारखे काही उरले नाही, असा त्यांचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मृग लागण्यापूर्वीचे हे दोनतीन आठवडे किनाऱ्यावरील जीवसृष्टी पाहण्यास अत्यंत सोयीचे होत, आणि त्याचे कारण ही ओलच होय.

समुद्रात राहणाऱ्या प्राण्यास पाण्याची चिंता नसते. जमिनीवर राहणाऱ्याने जाड कातडी, खवले, केस, पिसे अशा नाना उपायांनी आपली ओल अंगातच कोंडून ठेवलेली असते. ह्या दोहोंच्या मध्ये, भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यात जी वस्ती आहे, तिची मात्र मोठी कुचंबणा आहे. समुद्र दिवसातून दोन वेळा तिच्यावर पांघरूण घालतो आणि दोन वेळा ते ओढून नेतो. ह्या वस्तीतील बहुतेकांचा श्वास कल्ल्यांतून चालतो, आणि कल्ला ओला आहे तोवरच तो कामाचा. म्हणून येथील एखाद्या प्राण्याचे वागणे उमगेनासे झाले, तर एकच प्रश्न विचारावा: ओहोटीच्या वेळात हा आपली ओल कशी राखतो? बहुतेक कोडी त्या एका प्रश्नाने सुटतात. एप्रिलच्या निरभ्र दिवशी ऊन चढू लागताच हे सर्व जीव बिळात, फटीत नाहीतर स्वतःच्याच शिंपल्यात दडी मारून बसतात. आकाश ढगाळलेले आणि हवा दमट असली म्हणजे त्यांची ही दडी लांबणीवर पडते, आणि सावकाश चालणाऱ्यास त्यांचा संसार उघड्यावर पाहावयास मिळतो.

वेळ मात्र साधली पाहिजे. घरात पंचांग असेल तर ती साधणे कठीण नाही. मुंबईच्या व कोकणच्या किनाऱ्यावर जुन्या दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा चालत आला आहे: पक्षातील तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास येतो. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास, तर अमावास्या-पौर्णिमेस अकरा-बाराच्या सुमारास. ओहोटी त्यापुढे किंवा त्यापूर्वी सहा तासांनी. गणित ढोबळ आहे, अर्ध्यापाऊण तासाची चूक धरून चालावे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच रेंगाळते, हे ह्या पाऊणकीचे मर्म. आणखी असे की, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली हटते. अष्टमीच्या सुमाराची भांगाची ओहोटी फारसे काही उघडे करीत नाही. तेव्हा पौर्णिमा वा अमावास्या आणि तिच्या पुढचे दोनतीन दिवस धरावे. ओहोटीचा तळ सकाळी सहा ते आठ ह्या वेळात येतो, आणि उन्हाचाही ताप नसतो.

अशा सकाळी चालावयास एक उत्तम वाट रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास आहे. सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वराचे देवालय आहे. देवळामागच्या टेकडीस जी प्रदक्षिणा घालतात, तिची वाट प्रथम वर चढते आणि मग दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्रपातळीवर उतरते. खाली लाटांनी तासून सपाट केलेला काळ्या कातळाचा रुंद ओटा आहे. ही वाट ओहोटीचीच आहे. भरती येऊ लागली की पाणी कड्याच्या पायथ्याशी भिडते, आणि पावसाळी वारा सुटल्यावर तर एखादी उंच लाट कोणतीही सूचना न देता ओट्यावरून धावून जाते. येथे माणसे वाहून गेलेली आहेत. पाणी परतू लागण्याच्या वेळी समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, आणि एकट्याने तर येथे उतरूच नये.

कड्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जी जाळी पडलेली दिसते, तीही ओल आणि वाळवण ह्यांच्याच झगड्याची खूण होय. लाटांचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक मागे राहून फुगतात आणि दगडाचा कण कण सुटा करितात. जेथे खळगा पडला तेथे ओल अधिक काळ टिकते, म्हणून खळगाच अधिक खोल होत जातो. ज्या क्रियेने पाषाणाची चाळण होते, तिच्यापुढे मऊ अंगाच्या प्राण्यांनी टिकाव धरला आहे, हे ध्यानात ठेवून मग खाली पाहावे.

सर्वांत वरच्या कातळावर, जेथे केवळ तुषारच पोचतात, तेथे ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या आकाराच्या गोगलगाई फटीफटीतून दाटीने बसलेल्या असतात. प्रत्येकीने आपल्या शंखाच्या दारावर झाकण ओढून घेतलेले असते. तापलेल्या दगडाला अंग लागू नये म्हणून कित्येक जणी शंखाची कड वाळलेल्या चिकट स्रावाच्या एका रेघेने खडकाला चिकटवून तेवढ्याच आधारावर लोंबत राहतात. त्यांच्या खाली पांढुरक्या, खरबरीत शंकूंचा थर लागतो. अनवाणी पायांस तो चांगलाच परिचित असतो. हे बार्नॅकल. पाहणाऱ्यास ते शिंपल्याच्या जातीचे वाटतात. वस्तुतः ते खेकडा व कोळंबी ह्यांचे भाऊबंद होत. बालपणी हा प्राणी पाण्यात मुक्त पोहतो, मग एकदा डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटतो तो कायमचा. भोवती चुनखडी भिंत उभारतो, आणि उरलेले आयुष्य पिसासारख्या पायांनी पाण्यातील अन्न तोंडाकडे ओढण्यात घालवितो. ओहोटी लागली की छपराची दारे मिटून तो आतल्या थेंबभर समुद्रावर वेळ काढतो. चार्ल्स डार्विन ह्याने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे ह्या क्षुद्र दिसणाऱ्या प्राण्याच्या अभ्यासात घालविली. त्याचा जगद्विख्यात ग्रंथ त्यानंतर, १८५९ साली बाहेर पडला.

बार्नॅकलांच्याच शेजारी कालवे असतात. कोकणातील बायका टोकदार लोखंडी हत्याराने ती कशी उकलतात हे पाहणे म्हणजे एक धडाच आहे. मिटलेल्या कालवात पाणी किती आणि मांस किती, हे त्या नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून सांगतात. टोपीच्या आकाराची, एकाच शंखाची जी लिंपेट गोगलगाय खडकाला घट्ट बसलेली आढळते, तिची तऱ्हा आणखी निराळी. पाणी असताना ती शेवाळ खात फिरते. पण तिच्या कित्येक जाती ओहोटीपूर्वी नेमक्या आपल्याच जागी परततात. त्या जागी तिचा काठ आणि खडक एकमेकांस बरणी आणि झाकण ह्यांसारखे जुळलेले असतात, आणि त्या सांध्यातून ओल निसटत नाही. अशी लिंपेट गंमत म्हणून खरवडून दुसरीकडे ठेवली तर तिचे झाकण तेथे बसत नाही. सुटीत आलेल्या मुलांना एवढी एकच गोष्ट समजावून सांगितली तरी पुष्कळ झाले.

ओट्यातील डबकी म्हणजे ह्या वाटेचे खरे वैभव. डबक्याजवळ उभे राहिले तर काहीच दिसत नाही. आपली सावली पाण्यावर पडू न देता पाच मिनिटे बसून राहिले म्हणजे पाणी हळूहळू बोलके होते. दगडाच्या रंगाचे बोटभर लांबीचे मासे फटीतून डोके काढतात. चालता शंख दिसला तर आत गोगलगाय नसून शंखखेकडा असतो. त्याचे पोट मऊ आणि उघडे असल्यामुळे त्याने मृत गोगलगाईचे घर भाड्यावाचून पत्करलेले असते, आणि त्या घरात तो पाण्याचा घोटही साठवितो. समुद्रफूल पाण्याखाली पाकळ्या पसरून बसते. तेच पाण्याबाहेर राहिले तर जेलीच्या गोळ्यासारखे मिटते, आणि त्याच्या अंगाला शिंपांचे तुकडे व वाळूचे कण चिकटलेले दिसतात. हा केर नव्हे. उन्हाची तिरीप परतवून ओल राखण्यास ह्या कणांचा उपयोग होतो. दगड उलटून त्याखालचे जीव पाहण्याचा मोह आवरत नसेल, तर पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच बाजूवर ठेवावा. खालची बाजू वर राहिली तर तिच्यावरची सारी वस्ती एका दुपारीत सुकून मरते. हे इतके साधे पथ्य कित्येक हौशी मंडळी पाळीत नाहीत.

वळवाची सर येते तेव्हा ह्या डबक्यांत एक विलक्षण पालट होतो. आतापर्यंत ओल हीच जीवनदायिनी होती. आता तीच घातक ठरू पाहते, कारण ती गोडी असते. समुद्रातील बहुतेक बिनकण्याच्या प्राण्यांच्या अंगातील रस समुद्राइतकाच खारा असतो. भोवतीचे पाणी फिके झाले की ते त्यांच्या नाजूक त्वचेतून आत झिरपू लागते आणि अंग फुगते. म्हणून सर पडताच कालवे, बार्नॅकल, गोगलगाई ऊन असल्याप्रमाणेच दारे मिटून घेतात. डबक्यातील मासे तळ गाठतात. गोडे पाणी हलके असल्यामुळे वर तरंगते आणि खारे खाली राहते, हे त्यांस अनुभवाने ठाऊक असावे. मृगापूर्वीच्या दिवसांत अशा प्रकारे दोन्ही संकटे, कोरडे ऊन आणि गोडा पाऊस, एकाच सकाळी पाहावयास मिळू शकतात.

ह्या ओट्याच्या कडेस बहुधा एक बगळा उभा असतो. समुद्री बगळा दोन रंगांत येतो, पाटीसारखा काळसर आणि शुभ्र. दोन्ही एकाच जातीचे. त्यांची जोडीही जमते. हिवाळ्यातील पाहुणे पक्षी, चिखल्यांचे आणि कुरवांचे थवे, एव्हाना उत्तरेस निघून गेलेले असतात. मागे राहतात ती बहुधा वयात न आलेली पिले. किनारा त्यामुळे काहीसा रिकामा भासतो. पण मान वर केली तर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार सापडतेच, आणि दैव अनुकूल असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही. तो समुद्रसर्पांची शिकार करितो, आणि त्याचे काटक्यांचे अवजड घरटे वर्षानुवर्षे त्याच उंच झाडावर राहते.

हरिहरेश्वराहून दक्षिणेस जावयाचे तर सावित्रीची खाडी आडवी येते. बागमांडल्याहून पलीकडे वेश्वीस, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, नेणारी फेरीबोट आहे. तिची वाट पाहण्यात गेलेला वेळ व्यर्थ जात नाही, कारण खाडीकाठचा चिखल निवट्यांचा असतो. निवटी हा मासाच. पण ओहोटीच्या वेळी तो पाण्यात जाण्याऐवजी पाण्याबाहेर येतो. पुढचे पर हातांसारखे टेकून चिखलावर सरपटतो, शेपटीच्या झटक्याने उडी मारतो आणि वरचेवर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळतो. हे लोळणे खेळ नव्हे. त्याची त्वचा ओली असेल तरच तिच्यातून श्वास चालतो. कल्ल्यांच्या पोकळीत त्याने पाण्याचा साठा धरलेला असतो, आणि टपोरे डोळे तो मधून मधून खोबणीत ओढून ओले करून घेतो. मुंबईच्या कोळीवाड्यांत निवट्यांस गिऱ्हाईक असते. पण बाजारात मेलेला निवटी पाहून त्याच्या अंगच्या कसरतीची कल्पना येणे शक्य नाही. त्याच्या शेजारी, एक नांगी अवाढव्य आणि दुसरी चिमुकली, असे खेकडे मोठी नांगी वरखाली हालवीत असतात. हे नर. मादीस बोलाविणे आणि दुसऱ्या नरास दटाविणे ही दोन्ही कामे त्या एकाच इशाऱ्याने होतात. जेवावयास मात्र धाकटीच नांगी उपयोगी पडते. मादीस दोन्ही नांग्या लहान असल्यामुळे तिचे जेवण दुप्पट वेगाने चालते.

चिखलात सुया रोवाव्यात तशी जी मुळे वर आलेली असतात, ती तिवरांची. चिखलाच्या पोटात हवा नसल्यामुळे झाडाने श्वासासाठी मुळेच आकाशाकडे वळविली आहेत. पान चाटून पाहिले तर खारट लागते, कारण नको असलेले मीठ ते पानावाटे टाकून देते. चिपी हे त्याचे शेजारी. महाराष्ट्र शासनाने २०२० साली पांढऱ्या चिपीस राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. चिपीची फुले रात्री उमलतात आणि पहाटे केसर गाळतात, म्हणून सकाळी चिखलावर त्यांचा पांढरा सडा पडलेला असतो.

खाडी ओलांडून बाणकोटच्या किल्ल्यावरून पुढे गेले की वेळासची पुळण लागते. येथे कातळाची जागा वाळू घेते आणि जगण्याची रीतही बदलते. कातळावरचा प्राणी दार मिटतो. वाळूवरचा प्राणी खाली खणतो. वाळूचा वरचा थर कितीही तापला तरी हात-दीड हात खाली ती ओलसर आणि थंड असते, आणि पुळणीवरील साऱ्यांचा व्यवहार त्या खालच्या ओलीशी असतो. पुळणीच्या माथ्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. समुद्राने येथून पुढे येऊ नये अशी जणू ती रेघ आहे, असे तिचे नाव सुचविते, आणि वनस्पतिशास्त्र त्यास फारसा विरोध करणार नाही. तिची मुळे सुटी वाळू बांधून धरितात, आणि तिचे बी खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांस लागते. बंगले आणि भिंती जेथे ह्या वेलीला हुसकून थेट पुळणीवर उतरल्या आहेत, तेथे वाळू टिकत नाही, हे कोणत्याही दोन पावसाळ्यांनंतर स्पष्ट दिसते.

ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची अगणित वर्तुळे आणि किरणे काढलेली दिसतील. ही रांगोळी बोटाच्या पेराहून लहान अशा खेकड्यांची आहे. तो वाळू तोंडात घालतो, तिच्या कणांवरचा सूक्ष्म अन्नाचा लेप चाटून घेतो आणि वाळू गोळी करून मागे टाकतो. बिळापासून सरळ रेषेत दूर जाणे आणि संकट दिसताच त्याच रेषेने परत येणे, ह्यामुळे ती किरणे उमटतात. वाळू ओली असेतोवरच हे काम चालते. ती सुकली की कण जिभेस लागतात, लेप सुटत नाही. भरती सारे पुसून टाकते, आणि पुढल्या ओहोटीस रांगोळी नव्याने सुरू होते.

मोठा, वाळूच्याच रंगाचा, देठावर डोळे असलेला खेकडा आणखी वरच्या बाजूस राहतो. शास्त्रज्ञांनी त्यास दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थ शीघ्रपाद असा आहे, आणि त्यामागे धावून पाहिलेल्या कोणत्याही मुलास तो पटेल. समुद्राचा हा पुत्र इतका जमिनीचा झाला आहे की, पाण्यात फार वेळ बुडवून ठेवला तर गुदमरतो. तरीही त्याचे कल्ले ओलेच लागतात. पायांच्या मुळाशी केसांचा एक झुबका असतो. ओल्या वाळूत बसून, वात जसे तेल ओढते तसे, तो त्या केसांनी वाळूतील पाणी अंगात ओढून घेतो. ऊन वाढले तर बिळाचे दार आतून वाळूने लिंपतो. पुळणीवर मोटार घालण्याची जी टूम निघाली आहे, तिचा पहिला बळी हाच होय. चाकाखाली वाळू दाबली जाते, बीळ मिटते, आणि वर काहीही दिसत नाही.

दुसरा बळी याहून मोलाचा आहे. नोव्हेंबर ते मार्च ह्या काळात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री ह्या पुळणीवर येतात, हात-दीड हात खोल खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालतात आणि पिलांचे तोंडही न पाहता समुद्रात परततात. अंडी उबविण्याचे काम वाळू करिते. ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू उष्ण असेल तर पिले बहुतेक माद्या निपजतात, थंड असेल तर नर. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हे वाटून खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम हाती घेतले. घरटे सापडताच अंडी जपून कुंपणाच्या आत हलवावयाची, पिले बाहेर आली की त्यांस समुद्राकडे तोंड करून सोडावयाचे. ही अंडी घातल्यावर काही तासांच्या आतच हलवावी लागतात. पुढे आतील गर्भ कवचास चिकटतो, आणि अंडे नुसते उलटले तरी तो मरतो. ज्या गावात अंडी विकली जात, त्याच गावात पुढे पिले पाहण्यासाठी पाहुणे उतरू लागले. वेळासच्याच किनाऱ्यावर २०२२ च्या जानेवारीत एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संधान बांधणारे यंत्र बसवून तिला 'प्रथमा' असे नाव देण्यात आले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असा मागोवा प्रथमच घेतला जात होता. आणि २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली, तेव्हा दोन किनाऱ्यांच्या कासवांत येणेजाणे आहे हे डोळ्यांनी दिसले.

मृगापूर्वीच्या दिवसांत ह्या कथेतील अखेरचा प्रसंग चाललेला असतो. उशिरा घातलेली अंडी मेच्या अखेरीपर्यंत वाळूत राहू शकतात, आणि त्यांची स्पर्धा पावसाशी असते. कवच सच्छिद्र असते, आतील गर्भ वाळूच्या कणांमधील हवेवर श्वास घेतो. जोराच्या पावसाने किंवा उधाणाच्या लाटेने ती पोकळी पाण्याने भरली की घरटे बुडते. अंड्यांस ओल हवी, पण माफक. कोरड्या वाळूत ती आक्रसतात, भिजल्या वाळूत गुदमरतात. आठदहा दिवस आधी अंडी घातली गेली असती तर शंभर पिले समुद्रास लागली असती, असा हिशेब कित्येक वर्षी निघतो. बाहेर आलेले पिलू उजेडाकडे धावते. रात्री मोकळ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ क्षितिज समुद्राचे असते, म्हणून त्याची वाट चुकत नाही. विश्रामगृहाचा एखादा प्रखर दिवा मागे जळत असेल तर ते समुद्राकडे पाठ फिरविते आणि सकाळपर्यंत सुरूच्या बनात सुकून मरते.

नैर्ऋत्येचा वारा पक्का झाला की समुद्र आपल्या पोटातील चिजा वाळूवर आणून टाकू लागतो. निळ्या बटणासारख्या चकत्या येतात, त्या निरुपद्रवी म्हणता येतील. पण निळसर फुग्याखाली लांब दोऱ्या लोंबणारा जो जीव येतो, त्यास पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर म्हणतात, आणि शिडे उभारलेल्या जुन्या लढाऊ गलबताचे ते नाव त्यास शोभते. तो एक प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत असते. किनाऱ्यावर मेलेला पडला तरी त्याच्या दोऱ्यांतील दंश जिवंत राहतो. दंश झालाच तर जागा चोळू नये, गोडे पाणी ओतू नये; समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि डॉक्टरकडे जावे. वादळानंतर कधी कधी खोल समुद्रावरचा एखादा थकलेला पक्षी वाळूवर बसलेला सापडतो. त्यास उचलून पुन्हा लाटेत फेकणे हे भूतदयेचे सर्वांत घातक रूप होय. तो पोहावयास विसरलेला नसतो, त्यास विश्रांती हवी असते. खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वनखात्यास कळवावे.

वाळूमागच्या माडांवर ह्याच दिवसांत सुगरण पक्ष्यांची विणकामास सुरुवात होते. नर अर्धेमुर्धे घरटे विणून थांबतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तरच ते पुरे होते. आणि एक संसार मांडून झाला की हे गृहस्थ दुसरे घरटे विणावयास घेतात. १९३० साली सलीम अली ह्यांनी अलिबागजवळच्या किहीम गावी बसून हा सारा प्रकार उलगडला. पावसाच्या पुढेमागे आफ्रिकेहून चातक येऊन पोचतो. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, शेंडीवाला हा पक्षी इतका लांबचा प्रवास करून येतो तो पावसाचे थेंब पिण्यासाठी नव्हे. त्यास सुरवंट हवे असतात, आणि आपली अंडी घालण्यासाठी दुसऱ्याचे घरटे.

मग एके दिवशी मृगाचा पाऊस खरोखरच लागतो. एका रात्रीत मर्यादवेलीमागच्या खाचरांत बेडूक ओरडू लागतात, तांबड्या मखमलीचे मृगाचे किडे मातीवर चालू लागतात, ओढ्यांतून मासे चढणीस लागतात. समुद्राकडची वाट बंद होते. १ जूनपासून यांत्रिक होड्या बंदरात उभ्या असतातच. आता लाटाही मर्यादवेलीपर्यंत येतात आणि पुळणीची वाळू ओढून आत नेऊन ठेवितात. जेथे रांगोळी होती तेथे महिनाभरात दगडगोटे उघडे पडतात. शीघ्रपाद खेकडे वर, सुरूच्या मुळांपर्यंत सरकतात. पाऊस सरल्यावर समुद्र ती वाळू हळूहळू परत आणून टाकतो, दिवाळीच्या सुमारास पुळण पुन्हा भरते, आणि तिच्यावरून एखाद्या पहाटे समुद्राकडून वर येऊन पुन्हा समुद्राकडे गेलेली, दोन्ही कडांस वल्ह्यांचे ठसे असलेली एक रुंद वाट उमटलेली आढळते.